द्वारपाळाची जागा

शास्त्रभाग : स्तोत्रसंहिता ८४, लूक १३:१–५, योहान २१:१–१९



चौऱ्याऐंशीव्या स्तोत्राचा कर्ता देवाजवळ सिंहासन मागत नाही, याजकाचे वस्त्र मागत नाही, गायकांच्या रांगेत पुढची जागाही मागत नाही. दुष्टांच्या तंबूत सुखाने राहण्यापेक्षा देवाच्या मंदिराच्या उंबरठ्यावर उभे राहणे त्याला अधिक प्रिय वाटते. त्याला द्वारपाळ व्हायचे आहे, आणि तेवढ्याने तो तृप्त आहे.

हे स्तोत्र कोणाचे, ते त्याच्या शिरोभागी लिहिलेले आहे. ते कोरहाच्या वंशजांचे आहे. हा कोरह म्हणजे अरण्यात मोशे व अहरोन यांच्याविरुद्ध उठलेला बंडखोर. त्याचा शेवट कसा झाला हे गणनेच्या सोळाव्या अध्यायात आपण वाचतो. इस्राएलात ते नाव घेताना लोक मान खाली घालत असतील. परंतु त्याच ग्रंथाच्या सव्विसाव्या अध्यायात एक लहानसे वाक्य आहे, ज्यावरून आपली नजर सहज घसरते. कोरहाची मुले मात्र मेली नाहीत, असे तेथे सांगितले आहे. आणि पुढे पहिल्या इतिहासाच्या नवव्या अध्यायात याच कुळाच्या हाती मंडपाची दारे सोपवलेली दिसतात. ज्या घराण्याच्या नावाला कलंक लागला, त्याच घराण्याला देवाने आपल्या दारावर उभे केले. विश्वासघाताच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्यांना त्याने विश्वासाचे काम दिले. ही गोष्ट मनात ठेवून आज आपण द्वारपाळाच्या जागेविषयी मनन करू.

आजच्या जगात हा द्वारपाळ आपल्याला क्रीडांगणावर भेटतो. हॉकीच्या मैदानावर अकरा खेळाडू असतात. दहा जण धावतात आणि एक जण दारात उभा राहतो. ते दार ३.६६ मीटर रुंद व २.१४ मीटर उंच असते. दीडशे ग्रॅमहून थोडा अधिक वजनाचा कठीण चेंडू विजेच्या वेगाने येतो आणि त्याला अडवायचे असते. बर्फावरच्या हॉकीतही हेच आहे. तेथे चेंडूऐवजी कठीण रबराची चकती असते, एवढाच फरक. कॅनडातील माँट्रियल संघाचा विख्यात गोलरक्षक जाक प्लांत याच्या चेहऱ्यावर १ नोव्हेंबर १९५९ रोजी न्यूयॉर्कच्या सामन्यात ती चकती आदळली. जखमेला टाके घालून तो पुन्हा मैदानात आला, तेव्हा त्याने तोंडावर मुखवटा चढवला होता. मुखवटा घालणे म्हणजे भित्रेपणा, असा तेव्हाचा समज होता. प्लांतने तो समज झुगारला आणि पुढे सर्व गोलरक्षकांनी त्याचे अनुकरण केले. इफिसकरांस पत्राच्या सहाव्या अध्यायात पौल शिरस्त्राण व ढाल घ्यायला सांगतो, ते भित्र्यांसाठी नव्हे, तर ज्यांना शेवटपर्यंत उभे राहायचे आहे त्यांच्यासाठी.

हे शब्द छत्तीसगडमधील भिलाई येथे लिहिले जात आहेत, आणि या परिसराला हॉकी परकी नाही. शेजारचे राजनांदगाव हॉकीची नर्सरी म्हणून ओळखले जाते. ऑलिंपिकमध्ये तीन सुवर्णपदके व एक रौप्यपदक मिळवणारे लेस्ली क्लॉडियस बिलासपूरला जन्मले. दुर्गची सबा अंजुम भारतीय महिला संघाची कर्णधार झाली. परंतु भिलाईला द्वारपाळाची जागा कळते त्याचे कारण खेळापेक्षा वेगळे आहे. ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती डॉ. राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते येथील पहिल्या झोतभट्टीचे उद्घाटन झाले. तेव्हापासून ही नगरी पाळ्यांवर जगत आली आहे. झोतभट्टी रात्री विझवून सकाळी पेटवता येत नाही. शहर झोपते तेव्हा कोणीतरी जागे असावेच लागते. विदर्भातून आलेल्या कित्येक मराठी कुटुंबांनी पिढ्यान्‌पिढ्या ही रात्रपाळी केली आहे. देशाच्या रेल्वेचे रूळ येथे घडतात. त्या रुळांवरून आपण निर्धास्त झोपून प्रवास करतो, कारण कोणीतरी जागले होते.

आता तीन गोलरक्षकांकडे पाहू या.

१. विजयातील डुलकी

पहिले रिचर्ड जेम्स अ‍ॅलन. ४ जून १९०२ रोजी आपल्या नागपुरात त्यांचा जन्म झाला. १९२८ साली अ‍ॅमस्टरडॅमच्या ऑलिंपिकमध्ये भारतीय संघ प्रथमच उतरला. ऑस्ट्रिया, बेल्जियम, डेन्मार्क, स्वित्झर्लंड आणि अंतिम सामन्यात यजमान नेदरलँड्स, अशा पाचही संघांना त्याने हरवले. भारताने २९ गोल केले आणि भारतावर एकही गोल झाला नाही. दारात अ‍ॅलन उभे होते. १९३२ साली लॉस एंजेलिस आणि १९३६ साली बर्लिन येथेही ते भारतासाठी खेळले. तीन ऑलिंपिक, तीन सुवर्णपदके, आणि त्या साऱ्या काळात त्यांच्या हातून सुटलेले गोल फक्त दोन!

त्यांतला पहिला गोल कसा झाला याविषयी एक आख्यायिका सांगतात. लॉस एंजेलिसला अमेरिकेविरुद्धचा सामना भारताने २४–१ असा जिंकला. गोलांचा असा पाऊस पडत असता भारताच्या दाराकडे चेंडू येतोच कशाला? म्हणून अ‍ॅलन गोलाच्या मागे जाऊन चाहत्यांना स्वाक्षऱ्या देत होते, आणि नेमक्या त्याच वेळी अमेरिकेने गोल केला. ही कथा खरी असो वा सांगणाऱ्यांनी सजवलेली असो, तिच्यातील बोध खरा आहे. बलाढ्य संघांनी चढाया केल्या तेव्हा दार बंद राहिले. कोणी येत नव्हते तेव्हा ते उघडे सापडले.

दावीद राजाचेही असेच झाले नाही का? गल्याथासमोर तो पडला नाही, शौलाच्या भाल्यापुढे पडला नाही. राजे लढाईला जातात त्या ऋतूत तो घरी विसावला आणि संध्याकाळी गच्चीवर फिरत असताना पडला. करिंथकरांस पहिल्या पत्राच्या दहाव्या अध्यायात पौल जो सावधगिरीचा इशारा देतो, तो पडलेल्याला नसून स्वतःच्या पायांवर भक्कम उभे असल्याची ज्याला खात्री आहे त्याला आहे. संकटात आपण गुडघ्यांवर असतो. मुलाला नोकरी लागली, घर झाले, मुलीचे लग्न चांगल्या ठिकाणी जमले, की प्रार्थनेची वेळ हळूहळू स्वाक्षऱ्यांची वेळ होते. आपल्या मंडळीत ज्याचे नाव मोठे आहे त्याने हे विशेष लक्षात ठेवावे. लोक आपल्याभोवती जमले आहेत, एवढ्यावरून आपण आपल्या जागेवर आहोत असे ठरत नाही.

२. दोष देणाऱ्यांची गर्दी

तरीही पडण्याविषयी बोलणे सोपे आहे. जो पडला, किंवा ज्याला आपण पडलेला ठरवले, त्याच्याशी आपण कसे वागतो, हा प्रश्न अधिक कठीण आहे. येथे दुसऱ्या गोलरक्षकाची कथा पाहावी लागते.

१ डिसेंबर १९८२. दिल्लीतील आशियाई क्रीडास्पर्धा. हॉकीच्या अंतिम सामन्यात भारतासमोर पाकिस्तान. घरचे मैदान, घरचे प्रेक्षक, आणि भारताचा ७–१ असा पराभव. भारताच्या दारात होते मीर रंजन नेगी. सात वेळा चेंडू त्यांना चुकवून आत गेला, आणि दुसऱ्या दिवसापासून साऱ्या देशाने एकच चेहरा निवडला. हा माणूस विकला गेला, असे लोक म्हणाले. त्याला देशद्रोही ठरवले. तो आरोप कधीही सिद्ध झाला नाही. परंतु ज्या आरोपाला पुरावाच लागत नाही, त्याचे खंडन तरी कोणत्या न्यायालयात करायचे? भारताकडून खेळण्याचे नेगींचे दिवस तेथेच संपले. पुढची कित्येक वर्षे हा माणूस मुंबईच्या सीमाशुल्क खात्यातील आपली नोकरी करत राहिला आणि तो कलंक सोबत वाहत राहिला.

बंधूंनो, थोडा विचार करा. चेंडू गोलरक्षकापर्यंत पोहोचतो तेव्हा उरलेले दहा जण आधीच मागे पडलेले असतात. आघाडीच्या फळीने तो गमावलेला असतो, मधल्या फळीने सोडलेला असतो, बचावपटू त्याला मुकलेला असतो. पण त्यांच्या चुका मैदानाच्या विस्तारात विरून जातात. फलकावर आकडा चढतो तो दारातल्या माणसाच्या चुकीने. दहा जणांचे अपयश एकाच्या नावावर लिहून बाकीचे घरी जातात.

भिलाईकरांना हे वेगळे सांगायला नको. १२ जून २०१४ रोजी येथील कारखान्यात वायुगळती होऊन सहा जण मृत्युमुखी पडले. ९ ऑक्टोबर २०१८ रोजी कोक ओव्हन विभागात वायुवाहिनीवर भडका उडाला आणि पुन्हा अनेक घरे शोकात बुडाली. अशा वेळी जगातल्या कोणत्याही कारखान्याच्या फाटकाबाहेर पहिला प्रश्न कोणता कानी पडतो? “त्या पाळीला कोण होते?” चौकशी झाली पाहिजे, यात शंका नाही. ज्याची जबाबदारी असेल त्याने तिचा हिशेब दिला पाहिजे, नाहीतर उद्या आणखी प्राण जातील. पण सत्य शोधणारी चौकशी वेगळी आणि आपल्या मनाची सुटका शोधणारा आरोप वेगळा. एक नाव हाती लागले की आपल्याला हायसे वाटते. “म्हणजे आपण नव्हतो,” असे ते हायसे वाटणे असते.

यरुशलेमेत शिलोहाचा बुरूज कोसळून अठरा माणसे चिरडली गेली, तेव्हा लोकांच्या मनात हाच प्रश्न होता. ती माणसे अधिक पापी असतील काय? लूकच्या तेराव्या अध्यायात प्रभू येशू याचे उत्तर ठामपणे नकारार्थी देतो, आणि लगेच विचारणाऱ्यांकडे वळून त्यांच्याच पश्चात्तापाविषयी बोलतो. प्रभूने त्या अठरा जणांकडे दाखवलेले बोट तेथे जमलेल्या प्रत्येकाच्या छातीकडे वळवले. बुरूज कोसळतो तेव्हा देव आपल्या हाती दगड देत नाही. तो आरसा देतो.

आपल्या मंडळ्यांत नेगींसारखे किती असतील? बारावीच्या परीक्षेत नापास झालेला मुलगा, ज्याच्या वडिलांनी उपासनेला येणेच सोडले आहे. निधीच्या हिशेबात तूट आली म्हणून ज्याच्याकडे सगळे संशयाने पाहतात, तो वृद्ध खजिनदार. जिचा संसार मोडला आणि जिला “काहीतरी तिचेच चुकले असेल” असे सांत्वन मिळाले, ती बहीण. यांच्यापर्यंत चेंडू पोहोचला तेव्हा आपण दहा जण कोठे होतो? त्या मुलाला शिकवायला कोणाकडे एक तास होता काय? खजिनदाराची वही तपासायला दरमहा कोणी बसले काय? त्या बहिणीच्या दारी, संसार मोडण्यापूर्वी, कोण गेले होते?

येथे तिसऱ्या गोलरक्षकाचे नाव थोडक्यात घ्यावेसे वाटते. महूचे शंकर लक्ष्मण मराठा लाइट इन्फंट्रीचे सैनिक होते. १९५६ साली मेलबर्न व १९६४ साली टोकियो येथे ऑलिंपिकच्या अंतिम सामन्यात भारताने पाकिस्तानला प्रत्येकी १–० असे हरवले. दोन्ही वेळा दारात तेच उभे होते. त्यांनी दोन्ही वेळा दार राखले नसते तर ते सुवर्ण आले नसते. २००६ साली महू येथे त्यांचा अंत झाला, तो गँगरीनच्या व्याधीत व हलाखीत. म्हणजे आपला न्याय असा : दारातल्या माणसाने सोडले तर आपण त्याला विसरत नाही, आणि अडवले तर लक्षात ठेवत नाही. माणसांच्या स्मरणावर ज्याने आपली किंमत ठरवली, तो दोन्हीकडून हरला.

३. वेशीबाहेरचा राखणदार

तर मग दारातल्या माणसाला आशा कोठे आहे?

लेवीयच्या सोळाव्या अध्यायात प्रायश्चित्ताच्या दिवसाचा विधी दिला आहे. एका बकऱ्याच्या मस्तकावर हात ठेवून साऱ्या इस्राएलाची पापे त्याच्यावर लादत आणि त्याला अरण्यात सोडून देत. मनुष्यजातीची ही जुनी रीत आहे. आपण आजही कोणाच्या तरी डोक्यावर हात ठेवून त्याला बाहेर काढतो. परंतु इब्री लोकांस पत्राचा तेरावा अध्याय सांगतो की, येशूने वेशीबाहेर दुःख सोसले. तो स्वतः त्या जागी गेला. सर्वांचा दोष एकावर, हे त्याच्या बाबतीत पूर्णार्थाने घडले, आणि तो एकटाच असा होता की ज्याच्या हातून काहीही सुटले नव्हते. म्हणून आता कोणाही मनुष्याला बळीचा बकरा करण्याची गरज उरली नाही, आणि तसे करण्याचा अधिकारही उरला नाही. क्रूसाकडे पाठ फिरवल्याखेरीज आपल्या भावाकडे त्या दृष्टीने पाहता येत नाही.

आणि हा प्रभू केवळ दोष वाहून थांबत नाही. तो पडलेल्याला पुन्हा दारात उभे करतो. पेत्राकडे पाहा. गेथशेमाने बागेत त्याला तासभर जागता आले नाही. त्याच रात्री प्रमुख याजकाच्या वाड्यात, कोळशाच्या विस्तवाजवळ शेकत असताना, त्याने आपल्या गुरूला तीनदा नाकारले. मग योहानाच्या एकविसाव्या अध्यायात तिबिर्याच्या किनाऱ्यावर पुन्हा एक विस्तव दिसतो, आणि तोही कोळशाचाच. योहानाने हा तपशील निष्कारण नोंदवला नसावा. भट्ट्यांच्या या नगरीत राहणाऱ्यांना कोळशाचा वास ओळखीचा आहे. तो वास येताच पेत्राला ती रात्र आठवली असेल. प्रभूने त्याला त्याच वासाजवळ, त्याच ऊबेजवळ आणले, आणि तीन वेळा नाकारणाऱ्याला तीनच वेळा विचारले. मात्र कसे नाकारलेस हे विचारले नाही. प्रीती करतोस काय, एवढेच विचारले. आणि प्रत्येक उत्तरामागून काम दिले. मेंढरे पेत्राच्या हाती सोपवली. पुढे याच पेत्राने आपल्या पहिल्या पत्रात विश्वासणाऱ्यांना जागे राहण्याचा बोध केला. जो झोपला होता तोच जागे राहण्याविषयी लिहू शकला, कारण झोपेची किंमत त्याला ठाऊक होती.

नेगींच्या जीवनातही असे एक पर्व आले. १९९८ साली बँकॉकच्या आशियाई स्पर्धेसाठी भारतीय संघाच्या गोलरक्षकांना घडवण्याचे काम त्यांच्याकडे आले. अंतिम सामना कोरियाविरुद्ध बरोबरीत सुटला. निकाल टायब्रेकरवर, म्हणजे एकट्या गोलरक्षकावर आला. दारात आशीष बल्लाळ होते. त्यांनी फटके अडवले आणि भारताला ३२ वर्षांनंतर आशियाई हॉकीचे सुवर्ण मिळाले. ज्याच्या हातून सात सुटले, त्याने दुसऱ्याचे हात तयार केले होते. २००२ साली मँचेस्टरच्या राष्ट्रकुल स्पर्धेत भारतीय महिला संघाने यजमान इंग्लंडला हरवून सुवर्ण जिंकले, तेव्हाही नेगी गोलरक्षकांचे प्रशिक्षक होते. त्या संघात दुर्गची सतरा वर्षांची सबा अंजुम होती. म्हणजे नेगींच्या पुनरुत्थापनाचा एक धागा थेट आपल्या शेजारच्या गावापर्यंत येऊन पोहोचतो. २००७ साली आलेल्या ‘चक दे! इंडिया’ या चित्रपटासाठी त्यांनी कलावंतांना हॉकीचे धडे दिले, आणि ज्या पिढीने १९८२ चा सामना पाहिलाच नव्हता तिला त्यांचे नाव आदराने कळले.

ही नोंद आपण एका मनुष्याच्या गौरवासाठी घेतलेली नाही. नेगींची सोळा वर्षे कोणी परत देऊ शकत नाही. १९८२ चा फलक आजही ७–१ असाच आहे, आणि पेत्राच्या नाकाराची नोंदही चारही शुभवर्तमानांतून पुसलेली नाही. देव इतिहास खोडत नाही. तो त्याच पानाच्या खाली पुढचे लिहितो. कोरहाचे नाव वंशावळीतून निघाले नाही, पण त्याच नावाखाली आज आपण मंदिराच्या उंबरठ्यावरील गोड स्तोत्र गातो.

म्हणून प्रिय वाचकहो, तीन गोष्टी मनाशी धरा. जे आज उभे आहेत त्यांनी आपली जागा सोडू नये, चढाई नसली तरी. जे उभे आहेत त्यांनी पडलेल्याकडे बोट दाखवण्यापूर्वी त्या चेंडूचा सारा मार्ग आठवावा, कारण त्या मार्गावर कोठेतरी आपणही होतो. आणि जो पडला आहे, ज्याला आपले नाव लोकांच्या कुजबुजीत ऐकू येते, त्याने हे ऐकावे : किनाऱ्यावर विस्तव पेटलेला आहे आणि प्रभू त्याच्याजवळ बसून वाट पाहत आहे. तो तुझा हिशेब मागणार नाही. तो तुझी प्रीती मागेल आणि मग तुला काम देईल.

आपणा सर्वांच्या वर आणखी एक राखणदार आहे. एकशे एकविसाव्या स्तोत्रात त्याची ओळख अशी आहे की त्याला झोप येत नाही, डुलकीही लागत नाही. आपली रात्रपाळी कधीतरी संपते, त्याची संपत नाही. आपल्या हातून सुटलेले त्याच्या हातून सुटत नाही. त्याच्या भरवशावर आपण आपल्या दारात उभे राहू या.

प्रार्थना : हे न झोपणाऱ्या देवबापा, आम्हांला आमच्या जागेवर जागे ठेव. ज्यांना आम्ही दोष देऊन बाहेर काढले त्यांच्या दारी जाण्याचे धैर्य आम्हांला दे. रात्री काम करणाऱ्या सर्वांना सांभाळ, आणि ज्या घरांत अपघाताने दिवा विझला त्या घरांवर तुझा हात राहो. पडलेल्यांना उचल, आणि त्यांच्याच हातांनी उद्याचे राखणदार घडव. वेशीबाहेर दुःख सोसलेल्या तुझ्या पुत्राच्या नावाने मागतो. आमेन.